तारीखबाई पूल ओलांडतात

तारीखबाईंच्या हातात कुठलाही कागद पडो, लग्नाची पत्रिका असो की औषधाची चिठ्ठी, त्यांची नजर आधी तारखेवर जाई. नावगाव नंतर. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांच्या नवऱ्यानं मोठ्या हौसेनं एक पत्र लिहून उशीखाली ठेवलं होतं. बाईंनी ते उघडलं, वर पाहिलं, खाली पाहिलं, उलटून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, तारीख घालायची राहिली." नवऱ्यानं कानाला खडा लावला आणि पुन्हा म्हणून कधी पत्र लिहिलं नाही.

हे काही जन्माचं खूळ नव्हतं. बाई एकतीस वर्षं सरहद्दीवरच्या चौकीत बसल्या होत्या. नदीवर एक पूल, पुलाला दोन टोकं आणि टोकाटोकाला एकेक देश. अलीकडच्या टोकाला एक लाकडी खोली, तिला जाळीच्या दोन खिडक्या आणि प्रत्येक खिडकीखाली हात जाईल एवढी फट. पहिल्या खिडकीत तारीखबाई. समोर शाईची गादी, उजव्या हाताला शिक्का, पायाखाली थंडीत फडक्यात गुंडाळलेली गरम वीट. बाहेर रस्त्यावर तांबडा-पांढरा आडवा दांडा. माणूस आला की फटीतून पुस्तिका आत सरकवायची. बाई शेवटच्या पानावरून सुरुवात करीत, कारण मुदतीची तारीख तिथे असे. मुदत संपली असेल तर पुढचं काही वाचायचं कारणच उरत नसे.

गावानं त्यांना हे नाव दिलं ते चिडून, आणि मग हळूहळू ते लाडाचं झालं. कारण बाई नुसत्या अडवणाऱ्यांतल्या नव्हत्या. "पुढच्या महिन्यात संपतेय हं तुमची, आत्ताच अर्ज टाका," असं त्या दिवसातून वीसदा तरी सांगत. पलीकडच्या कारखान्यात जाणारे, अलीकडच्या बाजारात येणारे, नातवंडांना भेटायला जाणाऱ्या आज्या, सगळ्यांच्या मुदती त्यांना तोंडपाठ. रस्त्यात भेटलेला माणूस कसा आहे हे विचारण्याआधी त्या त्याची मुदत सांगत. काहीजण म्हणे रस्ता बदलत.

आता या पुलाची गोष्ट सांगितल्याशिवाय बाईंची सांगता येत नाही. आजोबांच्या काळात हा पूल दोनदा उडवला गेला, एकदा त्यांनी आणि एकदा आपण. आधी कोणी उडवला याचं उत्तर दोन्हीकडच्या शाळांत वेगवेगळं होतं, आणि दोन्हीकडे त्याला पूर्ण गुण मिळत. भाषा दोन्हीकडे एकच, बसण्या-बोलण्याची तऱ्हा एकच, शिव्याही त्याच. फक्त नकाशात रंग निराळे.

लढाई संपली तेव्हा दोन्हीकडे माणसं कमी उरली होती आणि नदी मात्र होती तेवढीच होती. म्हणून पहिला करार झाला तो पुराचा. वर पाणी वाढलं की खालच्यांना कळवायचं, एवढंच. नदीकाठच्या पाच शेजारी देशांचे पाच अभियंते एका टेबलाशी बसले, आणि उठताना कुणी कुणावर हात टाकला नाही याचंच लोकांना अप्रूप वाटलं. पुढे पाचांच्या विजेच्या तारा जोडल्या. मग एकाकडचे दिवे गेले की पाचांकडचे जाऊ लागले, तेव्हा भांडायला तरी एकत्र येणं भाग पडलं. मग मालावरची जकात उठली. मग पाचांची मिळून एक संयुक्त सभा झाली, तिच्यावर निवडून जाणारे लोक आले, त्यांचे भत्ते आले आणि त्या भत्त्यांवर बोटं मोडणारी वर्तमानपत्रं आली. पाचातला एक देश मधेच रुसून नऊ वर्षं बाहेर बसला. त्याला कोणी फार मनवलं नाही. आपणहून परत आला.

इतिहासाच्या पुस्तकात या सगळ्याला तहांची नावं आहेत आणि सह्या करणाऱ्यांचे फोटो. तारीखबाईंना विचारलं तर त्या कार्बनच्या प्रती सांगत. त्या नोकरीला लागल्या तेव्हा एका माणसाला पलीकडे जायचं तर अर्जाच्या सात प्रती लागत. सातवी प्रत कुणालाच वाचता येत नसे, ती संरक्षण खात्याला जाई. वीज जोडली तेव्हा सातच्या पाच झाल्या, जकात उठली तेव्हा तीन. संयुक्त सभा निवडून आली त्या वर्षी अर्जच गेला आणि उरली नुसती पुस्तिका, वर्षाच्या मुदतीची. "पाच देश जवळ येतायत म्हणतात ते मला बोटांवरून कळतं," बाई म्हणायच्या. "आधी बोटं काळीनिळी असायची, आता नुसती निळी."

बाईंच्या घरात मात्र हे जवळ येणं एका जागी येऊन अडलं होतं.

त्यांना एक थोरली बहीण होती. ताई. ताईनं लग्न केलं ते पलीकडच्या छापखानावाल्याशी. आईचा धाकटा भाऊ लढाईत याच पुलावर गेला होता, पुलाबरोबर. लग्नाचं कळलं तेव्हा आई एकच वाक्य बोलली, "पूल ओलांडलास तर मला तोंड दाखवू नकोस." ताईनं पूल ओलांडला. पुढे मुलगी झाली, आई जराशी निवळली, ताई वर्षातून दोनदा येऊ लागली. यायची आणि खुर्चीच्या कडेवर बसायची, मायलेकी हवापाण्याबद्दल बोलायच्या, आणि ते वाक्य कोणी मागे घेतलं नाही. एका वर्षी पुन्हा काहीतरी शब्दाला शब्द लागला आणि ताईनं येणं बंद केलं. येणं बंद म्हणून पुस्तिका खिडकीत येणं बंद. सगळ्या गावाच्या मुदती पाठ असलेल्या बाईंना सख्ख्या बहिणीची मुदत ठाऊक नव्हती.

त्या वर्षी आईनं अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. बाईंनीच एका ट्रकवाल्याच्या हाती निरोप धाडला, "ताई, लगेच ये." दुपारी साडेतीनला ताई खिडकीपुढे उभी राहिली. धावत आली होती, एक केस जागेवर नव्हता. बाईंनी पुस्तिका शेवटून उघडली. मुदत आदल्या दिवशी संपली होती.

त्या आठवड्यात नेमकी मुख्यालयाची तपासणी चालू होती आणि साहेब बाईंच्या खुर्चीमागे वही घेऊन उभे होते. बाई एवढंच म्हणाल्या, "तारीख संपलीय. पलीकडच्या चौकीतून तातडीचा परवाना घेऊन ये, दोन तासांत मिळतो. मी थांबते." ताईनं त्यांच्याकडे पाहिलं, पुस्तिका उचलली आणि मागे फिरली. बाई पाचला सुटी झाल्यावरही तासभर खिडकीत बसून राहिल्या. ताई आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. चौथ्या दिवशी ताई नवी पुस्तिका घेऊन आली, ती दुसऱ्या खिडकीच्या रांगेत उभी राहिली.

एकोणीस वर्षं ती त्याच रांगेत उभी राहिली. बाजाराला आली तरी दुसरी खिडकी. दुसऱ्या खिडकीत माणूस नसला तर तो येईपर्यंत उभी राही, पण पहिल्या खिडकीकडे बघत नसे. बाईही मान खाली घालून शिक्का मारीत. परवाना पलीकडच्यांनी नाकारला असणार, असं बाईंनी मनाशी धरलं होतं. पलीकडच्या चौकीतल्या जाड्या अधिकाऱ्याला विचारायचा धीर झाला नाही, आणि पुढे त्याची बदली झाली. गावात मात्र बोललं गेलंच, सख्ख्या बहिणीनं अडवलं म्हणून. बाईंनी ते ऐकलं आणि गिळलं.

मधला दुवा होती भाची. ताईची मुलगी. ती मोठी झाली, शिकली आणि संयुक्त सभेच्या अलीकडच्या कचेरीत लागली. रोज पूल ओलांडायची आणि दुपारचा डबा मावशीच्या खोलीत बसून खायची. तिच्याकडून बाईंना ताईचे गुडघे, ताईचा चष्मा, ताईच्या छापखान्यातलं नवं यंत्र, सगळं कळे. संयुक्त सभेच्या निवडणुकीत दोघी बहिणींनी एकाच उमेदवाराला मत दिलं, हेही भाचीनंच हसत हसत सांगितलं होतं. तो पडला.

"मावशी, एकदा ये ना घरी," भाची म्हणायची.

"नियम आहे बाळा. चौकीच्या माणसाला खासगी कामासाठी पलीकडे जायचं तर मुख्यालयाची लेखी परवानगी लागते. पंधरा दिवस आधी."

"मग काढ की परवानगी."

"बघते."

नियम खरा होता. बाईंनी अर्ज मात्र कधी टाकला नाही. त्यांना एका प्रश्नाची भीती वाटत होती. ताई समोर बसेल आणि विचारील, तू माझी बहीण असून मला का अडवलंस? याला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, साहेब मागे उभे होते. पण आईच्या मरणापुढे हे उत्तर म्हणून ठेवायची बाईंना लाज वाटत होती.

आणि एक दिवस पाच देशांनी ठरवून टाकलं की आता पाचातल्या कुणाचीही तपासणी नको. चौक्या बंद.

गाव आनंदानं वेडं व्हायचं बाकी राहिलं. पुलावर बँड आला, दोन्हीकडचे मंत्री आले, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी फोटो काढून घेतले आणि तो तांबडा-पांढरा दांडा करवतीनं कापायला घेतला. मंत्र्यांना कशाची करवत चालवता येतेय? शेवटी चौकीच्या शिपायानंच तो कापला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या गर्दीत टाळी वाजवली नाही ती एकट्या तारीखबाईंनी. पाच देशांनी मिळून त्यांची एकुलती एक सबब कापून टाकली होती.

बाईंना माहिती-कक्षात घेतलं. जागा तीच, जाळी काढून काच बसवली आणि शिक्क्याऐवजी नकाशे ठेवले. नवरा बसचालक. त्याची बस इतकी वर्षं पुलाच्या अलीकडे वळून माघारी जात असे. आता संयुक्त वाहतूक मंडळानं तिचा मार्ग पलीकडे चार थांबे वाढवला.

"शेवटचा थांबा कुठाय माहितीय?" एक दिवस जेवताना नवरा म्हणाला. "छापखान्याच्या दारात."

"बरं."

"मी काही केलेलं नाही. मंडळानं ठरवलंय."

"मी कुठे काय म्हटलं?"

"नाही, आता नियमही उरला नाही म्हणून आपलं सांगितलं."

बाईंनी आधी पाय दुखतोय म्हणून दोन आठवडे काढले. मग नकाशांची मोजदाद निघाली. मग चपलेचा पट्टा तुटला. नवऱ्यानं पट्टा शिवून आणला, चप्पल दारात ठेवली आणि कामावर गेला. एका सुटीच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, बाई निघाल्या. बसनं गेल्या नाहीत. बसला परत फिरवता येत नाही, पायांना येतं, असा त्यांचा हिशेब होता.

पूल मध्ये चढाचा आहे. चढताना बाईंनी इकडेतिकडे पाहिलं नाही. पलीकडच्या उतारावर त्यांना ती दुसरी चौकी दिसली, बंद, कुलूप घातलेली. आणि मग बाईंच्या हातून जे घडलं ते त्या गावच्या माणसाच्याच हातून घडावं. त्या चौकीपाशी थांबल्या, पिशवीतून ओळखपत्र काढलं आणि बंद खिडकीपुढे सरळ उभ्या राहिल्या. मिनिटभरानं मागे कोणीतरी खाकरलं. एक सायकलवाला रांगेत उभा होता. त्याच्यामागे भाजीची टोपली घेतलेली बाई, तिच्यामागे एक म्हातारे गृहस्थ, पुस्तिका हातात धरून. पुस्तिका बंद होऊन चार महिने झाले होते.

"आज उशीर लावलाय का हो?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"बंद झालंय ते," बाई म्हणाल्या. "तपासणी उठली."

"मग तुम्ही का उभ्या?"

बाईंनी हातातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. टोपलीवाली आधी हसली, मग सायकलवाला, आणि मग त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. चौघंही हसत हसत उतार उतरले. म्हाताऱ्यांनी तेवढ्यात आपली पुस्तिका पुढे केली. बाईंनी सवयीनं शेवटचं पान पाहून "अजून दोन महिने आहेत" म्हणून सांगितलं.

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर घर होतं. जिन्यात शाईचा वास. दार ताईनंच उघडलं, चष्मा कपाळावर ढकललेला. तिनं तो डोळ्यांवर ओढला.

"आलीस?" ताई म्हणाली.

"आले."

"बस."

बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. ताईनं चहा टाकला. आधण उकळून उकळून अर्ध्यावर आलं तरी ती पाठमोरीच उभी होती. बाईंनी वाटेत घोकून आणलेलं वाक्य सुरू केलं, "ताई, त्या दिवशी माझ्या मागे साहेब..."

"ते राहू दे," ताई म्हणाली. तिनं गॅस बंद केला, कपाटाचा खण उघडला आणि एक घडी पडलेला पिवळट कागद बाईंच्या समोर ठेवला.

बाईंनी आधी तारीख पाहिली. तोच दिवस. वेळ, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. जाड्या अधिकाऱ्याची लांबलचक सही, गोल शिक्का. तातडीचा परवाना, एक व्यक्ती, चोवीस तास. आणि प्रवेशाच्या चौकोनात काही नाही. कोरा.

"मिळाला होता?" बाईंनी कागद उलटून पाहिला. "ताई, मिळाला होता तुला?"

"दोन तास कसले, अर्ध्या तासात दिला बिचाऱ्यानं. आईची चौकशीसुद्धा केली."

"मग आली का नाहीस?"

इतकी वर्षं बाई ताईच्या प्रश्नाला भीत होत्या, आणि प्रश्न त्यांच्याच तोंडून बाहेर पडला होता.

ताई समोर बसली. "निघाले होते गं. पुलाचा मध्य थोडा राहिला होता. तिथून तुझी खिडकी दिसत नाही, चढाच्या आड जाते. तिथे पाय अडकले माझे. वाटलं, आई शेवटचं म्हणून पुन्हा तेच बोलली तर? तोंड दाखवू नकोस म्हणाली तर? मग ते जन्मभर कानात घेऊन मी कुठे जाऊ? कठड्याला धरून उभी राहिले. उद्या सकाळी जाऊ म्हटलं. दिवे लागले तशी परत फिरले." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "सकाळी ती गेली. आणि मग तुझ्यावर रागावणं सोपं होतं. सगळं गाव म्हणत होतं, बहिणीनं अडवलं. मी म्हणू दिलं."

तारीखबाईंना राग आला. चांगलाच आला, कानापर्यंत. एकोणीस वर्षं ही दुसऱ्या खिडकीत उभी राहिली, आणि एकोणीस वर्षं आपण मान खाली घालून बसलो. त्या उठून उभ्याही राहिल्या. पण समोर ताई चष्मा पुसत होती आणि तो पुसून संपत नव्हता, तिच्या हातांची हाडं वर आली होती, आणि ही आपली ताई म्हातारी झालीय हे बाईंना कोणी सांगितलंच नव्हतं. त्या पुन्हा बसल्या, या वेळी मागे टेकून.

"एक विचारू?" ताई म्हणाली. "आई काही बोलली का गं? माझ्याबद्दल?"

हे बाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

"घरी पोचले तेव्हा डोळे दाराकडे होते तिचे," बाई म्हणाल्या. "म्हणाली, ती आली का? मी म्हटलं, पुलावर आहे, येतेच आहे. तशी म्हणाली, मग माझे केस विंचरून दे. ती येतेय, मला असं बघायला नको तिनं. मी विंचरले. मग झोप लागली तिला. पुन्हा काही बोलली नाही." बाईंनी कागद खाली ठेवला. "मी खोटं सांगितलं तिला, ताई. मरणाऱ्या माणसाला खोटं सांगितलं. ते मला इतकी वर्षं खातंय."

ताईनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"किती वाजले होते?"

"सहा वाजून गेले होते. दिवे लागायचे होते अजून."

"मग खोटं कसलं," ताई म्हणाली. "पुलावरच होते की मी."

तारीखबाईंनी तो परवाना पुन्हा हातात घेतला. चार वाजून दहा मिनिटं. मग तो घडी करून ताईच्या हातात ठेवला आणि हात तसाच तिच्या हातावर राहू दिला.

"होतीस," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे."